गाडी मॉडिफाय केलीत, आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं काय?

गाडी रिमॅप झाली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता गिअरबॉक्समध्ये चांगलं तेल कुठलं टाकू?" चांगलं म्हणजे महाग, जाड, डब्यावर 'रेसिंग' लिहिलेलं. इथेच गडबड होते. गिअरबॉक्सला कोणत्या स्पेसिफिकेशनचं तेल लागतं हे त्याच्या आतल्या क्लच प्लेट, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाला वाट देणारा झडपांचा भाग) आणि सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) यांच्यावर ठरतं. रिमॅप, मोठे टायर किंवा नवा एक्झॉस्ट यांनी त्यातलं काहीच बदलत नाही. बदलतं ते तेलाचं आयुष्य. टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) वाढला, वजन वाढलं की आतली घसरण वाढते, घसरणीतून उष्णता येते आणि उष्णतेने तेल लवकर संपतं. म्हणून मॉडिफाय केलेल्या गाडीत पैसे तीन ठिकाणी घालावेत: कंपनीने सांगितलेलं नेमकं तेल, ते लवकर बदलणं, आणि ते थंड ठेवण्याची सोय.

आधी गिअरबॉक्स ओळखा

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून चार वेगळी यंत्रं विकली जातात. थार, स्कॉर्पिओ-एन, जुनी ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि बहुतेक बीएमडब्ल्यू यांच्यात टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून पुढे पोचवणारा गिअरबॉक्स असतो, त्याला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. होंडा सिटीसारख्या गाड्यांत सीव्हीटी असतो. त्यात पट्टा आणि पुली यांची पकड तेलाच्या पातळ थरातूनच होते, म्हणून त्याचं तेल वेगळं. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात आणि गिअरबॉक्स संपतो. तिसरा प्रकार ड्युअल क्लचचा (डीसीटी), म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी वगैरे. त्यात ओला (तेलात बुडालेला) क्लच आणि कोरडा क्लच असे दोन उपप्रकार आहेत, आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. चौथा एएमटी, म्हणजे मारुतीचा एजीएस. तो आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. त्यात मॅन्युअल गिअरबॉक्सचंच तेल लागतं आणि अ‍ॅक्च्युएटरचं द्रव वेगळं असतं.

एकाच नावाच्या गाडीत दोन वेगळे गिअरबॉक्स सापडतात. पोलो जीटी टीएसआय १.२ लिटरची असेल तर तिच्यात सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० आहे. २०२०पासूनची १.० लिटर टीएसआय ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. काउंटरवर "पोलो टीएसआय ऑटोमॅटिकचं तेल द्या" एवढंच सांगितलंत तर दुकानदाराने अंदाजाने दिलेलं तेल निम्म्या वेळा चुकीचं निघेल. गाडीसोबत आलेलं पुस्तक, फोक्सवॅगन-स्कोडामध्ये बूटमधल्या स्टिकरवरचा कोड, गिअरबॉक्सच्या अंगावरची पट्टी, किंवा चासी नंबरवरून पार्ट्स कॅटलॉग, यांपैकी किमान दोन ठिकाणी गिअरबॉक्सचं नाव जुळवून घ्या. सेकंडहँड गाडी असेल तर गिअरबॉक्स मधेच बदललेला असू शकतो. त्यामुळे खाली जाऊन पट्टी वाचणं हाच खात्रीचा मार्ग.

झेडएफ या जर्मन कंपनीच्या गिअरबॉक्समध्ये नावातच बरीच माहिती असते. ८एचपी४५ म्हणजे आठ गिअर आणि ४५० न्यूटन-मीटरच्या आसपासची क्षमता. ८एचपी७० म्हणजे ७००. रिमॅपआधी हा आकडा माहीत असलाच पाहिजे.

डब्यावरचा मजकूर वाचायचा कसा

रंगावरून काही ठरवू नका. एटीएफ लाल असतं कारण त्यात रंग घातलेला असतो, जेणेकरून गळती इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी. काही गिअरबॉक्सची तेलं हिरवट, काही पिवळसर असतात. दोन लाल तेलं एकमेकांच्या जागी चालतील असं रंगावरून मुळीच म्हणता येत नाही.

डब्याच्या मागच्या बाजूला दोन तऱ्हेचे दावे असतात. एक, अमुक कंपनीने तपासून मान्यता दिलेली आहे. दुसरा, "अमुक ठिकाणी वापरण्यास योग्य". दुसरा दावा तेल बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर करतो. गाडीच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंपनीने त्यावर शिक्का मारलेला नसतो. 'मल्टी-व्हेइकल' डब्यावर वीस-पंचवीस स्पेसिफिकेशनची यादी दिसली की ती बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते. मूळ इंजिन असलेल्या, शांतपणे चालवल्या जाणाऱ्या जुन्या गाडीत नामांकित कंपनीचं असं तेल निभावून जाईल. टॉर्क वाढवलेल्या गाडीत मी ते वापरणार नाही. तिथे मान्यता लेखी हवी: झेडएफसाठी तिच्या मान्य तेलांच्या टीई-एमएल ११ यादीत नाव, मर्सिडीजसाठी २३६.१४ किंवा २३६.१५ यांतला नेमका तुमच्या गिअरबॉक्सचा क्रमांक, टोयोटासाठी डब्ल्यूएस, होंडाच्या एटीसाठी डीडब्ल्यू-१ आणि सीव्हीटीसाठी एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीसाठी एनएस-३.

"जाड तेल टाक, टॉर्क जास्त आहे" हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो जुन्या काळचा आहे. जनरल मोटर्सने आपल्या डेक्स्रॉन-३ या एटीएफच्या मानकाची मान्यता २००६च्या अखेरीस बंद केली आणि त्याच्या जागी आणलेलं डेक्स्रॉन-६ मुद्दाम पातळ ठेवलं. आजच्या गिअरबॉक्समधले सोलेनॉइड फार बारीक हिशेबाने तेल सोडतात. तेल जाड झालं की दाब चढायला उशीर होतो आणि गिअर पडताना धक्का बसतो. क्लचची पकड जाडीतून येत नाही, ती तेलातल्या फ्रिक्शन मॉडिफायरमधून, म्हणजे घर्षण ठरवणाऱ्या रसायनांतून येते. लॉक-अप क्लच (वेग घेतल्यावर कन्व्हर्टरला घट्ट जोडणारा) हल्ली मुद्दाम किंचित घसरत ठेवलेला असतो, म्हणजे प्रवास मऊ होतो. तिथे फ्रिक्शन मॉडिफायर जुळला नाही तर ४०-६०च्या वेगात हलक्या थ्रॉटलवर गाडी थरथरते, रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. ही थरथर दिसली की आधी तेलाचा संशय घ्या.

वरून टाकायची अ‍ॅडिटिव्ह, घसरण थांबवणारी औषधं, सील फुगवणारी द्रवं यांपैकी काहीही टाकू नका. तेलातल्या रसायनांचा मेळ कारखान्यात बसवलेला असतो, तो तुम्ही बाटलीने बिघडवता.

खरेदीची एक गोष्ट. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर माल चटकन मिळतो, पण गिअरबॉक्सचं तेल सुट्टं घेऊ नका, ड्रममधून काढलेलं तर नाहीच. सीलबंद डबा, बॅच नंबर, पक्कं बिल आणि अधिकृत वितरकाचा शिक्का असेल तरच घ्या. बाजारभावापेक्षा एकदम स्वस्त मिळत असेल तर तो डबा तिथेच ठेवा. नकली तेलाने होणारं नुकसान वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट असतं.

मॉडिफिकेशनने गिअरबॉक्सवर नेमका काय ताण येतो

सगळ्यात आधी रिमॅप. आधुनिक ऑटोमॅटिकमध्ये इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सतत सांगत असतो की आत्ता एवढा टॉर्क येतोय. त्या आकड्यावरून क्लचवर किती दाब द्यायचा ते ठरतं. घाईघाईत केलेल्या रिमॅपमध्ये इंजिन प्रत्यक्षात ४५० न्यूटन-मीटर देतं आणि गिअरबॉक्सला ३८०च सांगतं, कारण तसं केलं की गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा आड येत नाही. परिणाम असा की क्लचवर दाब ३८०च्या हिशेबाचा आणि भार ४५०चा. प्लेट घसरतात, तेल जळतं, आणि सहा-आठ महिन्यांनी मालक तेलाच्या ब्रँडला दोष देतो. म्हणून ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) स्पष्ट विचारा: टॉर्कचं मॉडेल बरोबर कॅलिब्रेट केलंत का? गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग सोबत देता का? रिमॅप केल्यावर लॉगमध्ये क्लच स्लिप किती दिसतं? उत्तर टाळणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

काही ठिकाणी तेलाचा प्रश्नच नसतो. डीक्यू२००ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. आपल्याकडच्या १.८ टीएसआय ऑक्टेव्हियाचं इंजिन कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर देत होतं. म्हणजे मूळ अवस्थेतच गिअरबॉक्स मर्यादेवर. त्यावर स्टेज वन (रिमॅपची पहिली पायरी) चढवली तर पहिला बळी क्लच असतो, आणि तो कोरडा असल्यामुळे कुठलंही तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. या गाडीवर टॉर्क वाढवायचाच असेल तर खालच्या आरपीएमला टॉर्क रोखून धरणारा सौम्य रिमॅप घ्या आणि क्लचच्या खर्चाची तयारी ठेवा. ओल्या क्लचच्या डीक्यू२५०मध्ये हिशेब निराळा. तिथे तेल क्लचला थंडही ठेवतं, त्यामुळे लवकर बदललेल्या ताज्या तेलाचा फायदा थेट जाणवतो.

मोठ्या टायरचा ताण लोक विसरतात. थारचा मूळ टायर २५५/६५ आर१८, त्याचा व्यास सुमारे ७८९ मिमी. ३३ इंची टायर म्हणजे ८३८ मिमी. फरक सहा टक्के. प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो, चाकाशी पोचणारा जोर तेवढा कमी होतो, शिवाय टायर आणि रिमचं वजन वाढलेलं असतं. गाडी हलवायला टॉर्क कन्व्हर्टरला जास्त वेळ घसरावं लागतं, लॉक-अप उशिरा लागतो आणि सगळी उष्णता तेलात जाते. त्यात पुढे लोखंडी बंपर, विंच आणि ओळीने दिवे लावून रेडिएटरची हवा अडवली की गिअरबॉक्स तापायला घाटाचीही गरज उरत नाही.

जाता जाता: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. वॉरंटीतली गाडी असेल तर गिअरबॉक्सचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

तापमान मोजा, अंदाज करू नका

ओबीडी डोंगल (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा अडॅप्टर) आणि तुमच्या गाडीशी जुळणारं अ‍ॅप घ्या, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसतंय का ते बघा. बहुतेक गाड्यांत दिसतं. मग दोन लॉग करा. एक संध्याकाळी साकीनाका ते घाटकोपर, किंवा घोडबंदर रोडवर, एसी चालू ठेवून. दुसरा खोपोलीहून बोरघाट चढताना, गाडीत माणसं आणि सामान भरून.

साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस हा बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचा रोजचा पट्टा. घाटात थोडा वेळ ११० दिसलं तर घाबरायचं कारण नाही. १२०च्या वर आकडा टिकून राहत असेल तर तेल झपाट्याने ऑक्सिडाइझ होतंय. १३०ला पोचलं तर सुरक्षित जागी थांबा, गाडी पार्कमध्ये ठेवा आणि इंजिन चालू राहू द्या. इंजिन बंद केलंत तर पंप थांबतो आणि कूलरमधून तेल फिरणंही थांबतं. अभियंत्यांचा जुना ठोकताळा असा की ठराविक तापमानाच्या वर दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आकडा गिअरबॉक्सनुसार इकडेतिकडे होईल, दिशा तीच राहते.

चालवण्याच्या सवयीनेही बराच फरक पडतो. कोरड्या क्लचच्या डीसीटीत पुढची गाडी फूटभर सरकली की लगेच सरकायची सवय क्लच जाळते. थोडं अंतर पडू द्या, मग एका दमात पुढे जा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वीस-तीस सेकंदांच्या सिग्नलला 'डी'मध्ये ब्रेक दाबून थांबणं ठीक. दर थांब्याला 'एन' आणि पुन्हा 'डी' करत बसलात तर क्लच उगाच पुन्हा पुन्हा लागतात. लांब खोळंबा असेल तरच 'एन' किंवा 'पी'. चढणीवर ब्रेकऐवजी थ्रॉटलने गाडी तोलून धरू नका, कुठल्याच प्रकारात.

कधी बदलायचं

'लाइफटाइम फिल' (तेल कधीच बदलायला नको) हे शब्द ज्या गाड्यांच्या पुस्तकात छापलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. डीक्यू२५०साठी कारखान्याचा आकडा ६० हजार किमी. हे आकडे मूळ अवस्थेतल्या गाड्यांचे आहेत.

मुंबईत किलोमीटर फसवतात. समजा तुमची गाडी शहरात सरासरी १८ किमी वेगाने चालते. ४० हजार किमी व्हायला तिला सुमारे २,२०० तास लागले. नाशिक-धुळे करणारी गाडी सरासरी ६०ने तेवढंच अंतर ६७० तासांत संपवते. तेलाने काम केलं ते तासांचं. म्हणून माझा आग्रह असा: मॉडिफाय केलेली, मुख्यतः मुंबईत चालणारी टॉर्क कन्व्हर्टर गाडी ४० ते ५० हजार किमी, ओल्या क्लचची डीएसजी ४० ते ४५ हजार, सीव्हीटी ४० हजार. किलोमीटर झाले नसले तरी पाच वर्षांच्या पुढे जाऊ नका. रिमॅप करायचा विचार असेल तर तेल रिमॅपच्या आधी बदला आणि त्या वेळी पॅनमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या ट्रेमध्ये) काय निघतं ते बघून मगच पुढचा निर्णय घ्या. आजारी गिअरबॉक्सवर टॉर्क चढवू नये.

प्रत्यक्ष काम

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करायला मी सुचवणार नाही. स्लॅबला उतार असतो आणि इथे गाडी चारही बाजूंनी सपाट असणं अत्यावश्यक आहे, कारण तेलाची पातळी मिलीमीटरच्या हिशेबात मोजायची असते. लिफ्ट असलेलं गॅरेज गाठा आणि शेजारी उभे राहा. कोणता टप्पा कशासाठी ते माहीत असलं की मॅकेनिकही नीट काम करतो.

तेल काढायच्या आधी स्कॅनर लावा. जुने फॉल्ट कोड, क्लचच्या अ‍ॅडॅप्टेशनचे, म्हणजे झीज बघून कॉम्प्युटरने स्वतः जुळवून घेतलेले, आकडे आणि तेलाचं तापमान यांचे फोटो काढून ठेवा. नंतर काही वेगळं वाटलं तर तुलनेला हाच आधार. ज्या गाडीत गिअर आधीच घसरतोय, आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तिथे नव्या तेलाने प्लेट परत येणार नाहीत. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" अशा बहुतेक कहाण्यांत गिअरबॉक्स आधीच गेलेला असतो. तिथे आधी निदान आणि ओव्हरहॉलचा अंदाज घ्या.

गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, उकळतं नको. मग पहिला बोल्ट उघडायचा तो भरायचा. हा क्रम कधीही मोडू नका. भरायचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही आधी तेल काढून बसलात तर गाडी लिफ्टवरच अडकते. तो सुटला याची खात्री झाल्यावर खालचा बोल्ट उघडा. निघालेलं तेल माप असलेल्या डब्यात घ्या आणि किती लिटर निघालं ते लिहा. नवं तेल सुरुवातीला तेवढंच जाणार आहे.

पॅन उतरवल्यावर त्यातल्या चुंबकांकडे नीट बघा. बारीक करडी लुकण चिकटलेली असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. चमकणारे तुकडे, सुईसारखे धातूचे कण म्हणजे बेअरिंग किंवा गिअरचा दात. पिवळसर धातू म्हणजे बुश. काळे चपटे कपचे म्हणजे क्लचचं अस्तर. तेल काळपट आणि जळक्या वासाचं असेल तर घसरण बराच काळ चालू आहे. या टप्प्यावर मॅकेनिकने पॅन पुसून टाकायच्या आधी फोटो काढा.

फिल्टर आणि गॅस्केट नवीनच. झेडएफ ८एचपीमध्ये बहुतेक गाड्यांना प्लास्टिकचा पॅन असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. किट महाग आहे, पण जुना पॅन पुसून परत लावणं म्हणजे जुना फिल्टर परत लावणं. पॅन खाली असतानाच मेकॅट्रॉनिकच्या (व्हॉल्व्ह बॉडी आणि कॉम्प्युटर एकत्र असलेल्या भागाच्या) कनेक्टरभोवतीचं सील तपासा, तिथून गळती होते. जुन्या मर्सिडीजच्या पाच गिअरच्या ७२२.६मध्ये अशीच जागा म्हणजे १३ पिनांचा प्लग; त्यातून तेल वायरिंगच्या आतून झिरपत थेट कॉम्प्युटरपर्यंत जातं. प्लग आणि त्याचे ओ-रिंग स्वस्त आहेत, प्रत्येक सर्व्हिसला बदला. पॅनचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रिंचनेच आवळा. त्यांना लागणारा टॉर्क फार कमी असतो, बऱ्याच ठिकाणी १० न्यूटन-मीटरच्या आसपास. हाताच्या अंदाजाने आवळलं तर पॅन वाकतो किंवा आटे जातात.

आता भरणं. हातपंपाने भरायच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरा. इंजिन चालू करा, ब्रेक दाबून 'आर', 'एन', 'डी' प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबा, म्हणजे रिकामे झालेले मार्ग आणि कन्व्हर्टर भरतात. पातळी खाली जाते, इंजिन चालू असतानाच पुन्हा भरा. शेवटची पातळी ठरते ती तेलाच्या तापमानावर: झेडएफ ८एचपीमध्ये साधारण ३० ते ५० अंश, डीक्यू२५० आणि जपानी आइसिन कंपनीच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ३५ ते ४५ अंश. स्कॅनरवर आकडा त्या पट्ट्यात असताना ओव्हरफ्लोमधून सलग धार थांबून फक्त थेंब पडू लागले की बोल्ट बंद. मुंबईच्या मे महिन्यात गॅरेजमध्येच पारा ३४-३५ असतो, ही खिडकी मिनिटांत निघून जाते. म्हणून सगळं हाताशी ठेवून इंजिन चालू करा. तापमान पुढे गेलं तर गाडी थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा. गरम तेल फुगलेलं असतं. ६५ अंशांवर लावलेली पातळी थंड झाल्यावर कमी निघते आणि चढणीवर पंप हवा ओढतो. माझ्या मते चुकीच्या ब्रँडपेक्षा चुकीच्या पातळीने जास्त गिअरबॉक्स बिघडतात, आणि हा टप्पा तुमच्या डोळ्यांसमोर झाला नाही तर झालाच नाही असं धरा.

यानंतर कारखान्याची पद्धत सांगत असेल तर अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करून नव्याने शिकवावं लागतं. पहाटे पाम बीच रोड किंवा ईस्टर्न फ्रीवे रिकामा असताना हलक्या ते मध्यम थ्रॉटलवर सगळे गिअर चढू द्या, मग ब्रेक न मारता वेग उतरू द्या, हे काही वेळा करा. पहिले काहीशे किलोमीटर लाँच कंट्रोल (थांबलेल्या गाडीतून झपाट्याने सुटण्याची सोय), फुल थ्रॉटल काही नको.

फ्लश करायचं की नाही

पॅन उतरवून तेल बदललं तरी कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये जुनं तेल राहतं. समजा गिअरबॉक्सची एकूण क्षमता ९ लिटर आणि निघतं ४. पहिल्या वेळी ४४ टक्के तेल नवं होतं, थोडं चालवून पुन्हा केलं की ६९, तिसऱ्यांदा ८३. मशिनने दाबाखाली सगळं एकदम बदलता येतं, पण इतिहास माहीत नसलेल्या, दीड लाख किमी झालेल्या गाडीत मी ते करणार नाही. साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. तिथे हजार-दीड हजार किमीच्या अंतराने दोन किंवा तीन वेळा साधं काढून भरणं बरं. नियमित देखभाल झालेल्या गाडीत, मशिनमध्ये दुसऱ्या गाडीचं तेल राहिलेलं नाही याची खात्री असेल तर फ्लश चालेल.

ऑइल कूलर

लॉगमध्ये घाटात १२० पार होत असेल तर वेगळा कूलर हाच खरा उपाय आहे, महागडं तेल नव्हे. प्लेटचा कूलर नळी आणि पंखांच्या कूलरपेक्षा त्याच जागेत जास्त उष्णता काढतो. मूळ रेडिएटरमधल्या कूलरनंतर, परत गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वाटेवर तो जोडा. थर्मोस्टॅट बायपास घ्या. मुंबईत थंडी नसली तरी महाबळेश्वरच्या पहाटे तेल फार थंड राहू नये. होज गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेले हवेत. पेट्रोलचा रबरी पाइप क्लिप लावून जोडलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. कूलर बसवल्यावर एकूण तेल वाढतं, पातळी पुन्हा लावावी लागते.

रेडिएटरमधला मूळ कूलर आतून फुटला तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधाळ दिसतं. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या अस्तराचा चिकटपणा सोडवतं, त्यामुळे गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नका.

पावसाळा

मिलन सबवे, हिंदमाता, किंग्ज सर्कल इथे पाणी भरलेलं असताना उंच केलेली गाडी दिमाखात घालणारे दरवर्षी दिसतात. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की आत हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. स्नॉर्केल लावलंत तरी ते फक्त इंजिनसाठी; ब्रीदरची नळी बॉनेटमध्ये उंच नेली नसेल तर ऑफ-रोडची तयारी अर्धवटच आहे. उभी गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्ट करू नका, फ्लॅटबेडवर चढवा. चाकं जमिनीला टेकवून ऑटोमॅटिक गाडी ओढत नेली तर पंप न फिरता आतले भाग फिरतात आणि कोरडे घासतात. नंतर तेल दोन-तीनदा काढून भरा आणि रंग साफ होईपर्यंत थांबू नका.

जुनं तेल

निघालेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. गॅरेज ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रीसायकलरला देतं का, हे विचारा. गटारात ओतलेलं तेल मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जातं. गॅरेजकडे सोय नसेल तर तेल रिकाम्या झालेल्या नव्या तेलाच्याच डब्यांत भरून सोबत घ्या आणि सोय असलेल्या गॅरेजला नेऊन द्या.

घरी आल्यावर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग बघा. तारीख, किलोमीटर, तेलाचं स्पेसिफिकेशन, बॅच नंबर, किती लिटर निघालं आणि किती गेलं, बोल्ट बंद करताना तापमान किती होतं, हे एका वहीत लिहा. हजार किमीनंतर तोच साकीनाका आणि तोच बोरघाट पुन्हा लॉग करा, आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी मांडा.